सगळी तेरा वर्षांची, पण एक दहाचा दिसतो आणि एक सतराचा: सरावाचे गट कसे पाडायचे?

शिट्टीवाला

१२ ते १५ वयाच्या मुलामुलींचा मैदानी सराव घेताना जे प्रश्न हमखास येतात, ते एकत्र मांडतो.

जन्मतारखेवरून गट पाडले, तर एकाच रांगेत एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि शेजारच्याचा शेवटचा दुधाचा दात नुकताच पडलेला. गट कशावर पाडावेत? दुसरं, एखादा मुलगा सहा महिन्यांत ताडमाड वाढतो आणि नेमका तेव्हाच त्याचा खेळ बिघडतो, गुडघे किंवा टाचा दुखायला लागतात. अशा वेळी सराव वाढवायचा की कमी करायचा? तिसरं, एकेकट्याशी बोललं तर मोठ्या माणसासारखं समंजस बोलणारी हीच मुलं चौघं जमली की वेडं धाडस करतात.

‘हार्मोन्समुळे होतं’ एवढंच उत्तर नको. आकडे आणि कारणं हवीत.

कूर्चा

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

वयात येण्याचा क्रम बहुतेकांचा सारखा असतो. सुरुवात कधी होणार हे मात्र ज्याचं त्याचं, आणि दोन निरोगी मुलांत त्यात चार-पाच वर्षांचा फरक असू शकतो. मुलींमध्ये पहिली खूण म्हणजे स्तनाग्रामागे येणारी लहानशी हुळहुळी गाठ, वय ८ ते १३ मध्ये कधीही. ती बऱ्याचदा आधी एकाच बाजूला येते आणि घरचे उगीच घाबरतात. त्यानंतर उंचीची झेप, आणि गाठ दिसल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी. मुलग्यांत पहिली खूण बाहेरच्या कुणाला दिसतच नाही, कारण ९ ते १४ या काळात आधी वृषणं वाढू लागतात. कंठ फुटणं आणि मिसरूड ही बरीच नंतरची कामं. ‘याच्यात अजून काहीच बदल नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा निम्मी वाट सरलेली असू शकते.

उंचीची झेप मुलींच्या क्रमात लवकर येते, मुलग्यांच्या क्रमात उशिरा. झेपेआधी मुलं वर्षाला ५-६ सेंमी वाढतात आणि झेप सुरू होण्याच्या तोंडावर वेग थोडा मंदावतोही. ऐन भरात मुली वर्षाला ८-९ सेंमी (सरासरी वय साडेअकरा-बारा), तर मुलगे ९-१० सेंमी (साडेतेरा-चौदा) वाढतात. मुलगे लहानपणीच्या सावकाश वेगाने जवळजवळ दोन वर्षं जास्त वाढतात आणि मग त्यांची झेपही मोठी असते. मोठेपणी स्त्री-पुरुषांच्या उंचीत सरासरी १३ सेंमीचा फरक पडतो तो यामुळे.

आता गटांचं. ‘आजची उंची मोठेपणीच्या अंदाजे उंचीच्या किती टक्के आहे’ हे काढा. बापाच्या आणि आईच्या उंचीची बेरीज करा, मुलगा असेल तर १३ सेंमी मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, आणि दोनने भागा. बाप १७०, आई १५८ असेल तर मुलाचा अंदाज १७०.५. तो आज १५६ सेंमी असेल तर साधारण ९१ टक्के, म्हणजे बहुधा झेपेच्या ऐन भरात. दुसऱ्याचा अंदाज १७४ आणि आजची उंची १४३, म्हणजे ८२ टक्के. त्याची झेप अजून यायची आहे. दोघंही तेरा वर्षांचेच. अंगाला अंग भिडणारे खेळ आणि वजनांचा सराव यांसाठी ८५ च्या खाली, ८५-९०, ९०-९५ आणि ९५ च्या वर असे गट वापरले जातात. कौशल्याचा सराव वयाप्रमाणेच ठेवलेला बरा, नाहीतर मागे राहिलेला मुलगा कायम लहानांतच अडकतो.

अंदाज आठ-साडेआठ सेंमीने इकडेतिकडे होऊ शकतो. पालकांनी सांगितलेल्या उंचीवर विसंबू नका. त्यात बाप दोन-तीन सेंमी सहज मिळवतात! शक्य तर मोजून घ्या.

आणि एक. जेम्स टॅनर या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वयात येण्याच्या पाच पायऱ्या डॉक्टरांच्या तपासणीसाठी आहेत. प्रशिक्षकाने मुलांकडे बघून असले अंदाज बांधू नयेत आणि तसे प्रश्नही विचारू नयेत.

टाच_गुडघा

वरची पद्धत ठीक आहे, पण एका मापावर निर्णय घेऊ नका, वेग बघा. त्यासाठी मोजणी नीट हवी. पायांत काही नको, टाचा जुळलेल्या, टाचा-नितंब-खांदे भिंतीला टेकलेले, नजर सरळ समोर. डोकं भिंतीला टेकलंच पाहिजे असं नाही. डोक्यावर काटकोनी ठोकळा ठेवून दोनदा मोजा आणि दोन मापांत अर्ध्या सेंमीहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. वेळ दर खेपेला तीच, कारण मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर दबतात आणि संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरते.

दर महिन्याला मोजून वार्षिक वेग काढणं ही नेहमीची चूक. अर्ध्या सेंमीची चूक बाराने गुणली की ६ सेंमी होते, म्हणजे नसलेली झेप कागदावर उमटते. किमान तीन महिन्यांचं अंतर ठेवा, सहा असेल तर उत्तम.

खेळ का बिघडतो? शरीर एकदम वाढत नाही, टोकांकडून मधे वाढतं. आधी पावलं आणि हात, मग तंगड्या, आणि शेवटी धड. वर्षात दोनदा बूट लहान झाले तर झेप दाराशी आली समजा. पाय लांब झाले, पण ते हलवणारे स्नायू मागाहून भरतात. मुलग्यांत ताकदीची झेप उंचीच्या झेपेनंतर साधारण वर्षभराने येते. तेवढ्या काळात लांब तरफ आणि जुनंच इंजिन अशी अवस्था असते, मेंदूलाही नव्या मापांचा अंदाज यायचा असतो. मुलगा आळशी झालेला नाही.

दुखण्याचं कारणही इथेच आहे. स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतो तिथे या वयात अजून कूर्चाच, म्हणजे मऊ, लवचीक हाड, असते, आणि ती स्नायूबंधापेक्षा कमजोर. मांडीचा मोठा स्नायू प्रत्येक उडीला गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर ओढ देतो. तिथे दुखरी गाठ येते, ती ऑसगुड-श्लॅटर. टाचेत तेच पोटरीच्या ओढीने होतं आणि ते साधारण ८ ते १४ या वयात दिसतं. पूर्ण विश्रांती क्वचितच लागते. आधी उड्या आणि वेगवान धावणं निम्म्यावर आणा. सरावात दुखणं दहापैकी तीनच्या वर जात नसेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत मूळपदावर येत असेल तर तेवढा भार चालतो. मांडी-पोटरीची ताकद हळूहळू वाढवा. जोरजोरात ताण देणारे व्यायाम नकोत, आधीच ओढल्या जाणाऱ्या जागेला ते आणखी ओढतात.

लंगडणं, रात्री झोपेतून जागं करणारं दुखणं, सूज, ताप, किंवा गुडघा म्हणून सांगितलेलं पण जांघेतून येणारं दुखणं यांत वाट बघू नये. शेवटचं विशेष लक्षात ठेवा. खुब्याच्या हाडाचं टोक वाढीच्या पट्टीवरून (हाड जिथून वाढतं त्या कूर्चेवरून) सरकलेलं असू शकतं आणि मूल मात्र गुडघ्याकडे बोट दाखवतं.

शिट्टीवाला

टक्क्यांचं गणित उपयोगी आहे. मधेच एक शंका: पाळी आली की उंची थांबते आणि म्हणून मुलींनी त्याआधीच कसून सराव करावा, असं काही पालक सांगतात. खरं का?

कूर्चा

थांबत नाही, मंदावते. पाळीनंतर बहुतेक मुली आणखी ५-७ सेंमी वाढतात. हाडांच्या टोकांची कूर्चा शेवटी मिटते ती इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे, मुलग्यांतसुद्धा.

कसून सरावाचा सल्ला मात्र धोक्याचा. या वयात खाणं सरावाला पुरलं नाही की शरीर आधी पाळी बंद करतं, आणि हाडं भरण्याची हीच तर वर्षं असतात. पहिली दोन-तीन वर्षं पाळी अनियमित असणं स्वाभाविक, कारण दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही. २१ ते ४५ दिवसांचं चक्र चालतं. ९० दिवसांहून मोठा खंड, सात दिवसांहून लांबलेला रक्तस्राव किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी न येणं, यांत डॉक्टरांना दाखवावं. मुलीत १३ पर्यंत किंवा मुलग्यात १४ पर्यंत कुठलीच सुरुवात नसेल तरीही. उलट बाजूने, मुलीत आठच्या आधी आणि मुलग्यात नऊच्या आधी सुरुवात झाली तरी.

मुलगे कपडे बदलायला टाळाटाळ करतात त्यामागे कधी कधी छातीवरची गाठ असते. निम्म्याच्या आसपास मुलग्यांत ती थोड्याफार प्रमाणात येते आणि बहुतेकांत सहा महिने ते दोन वर्षांत विरते. हे कुणीतरी आधीच सर्वांना सांगितलेलं असेल तर त्याला एकट्याला सोसावं लागत नाही.

मधला_बाक

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही.

‘समंजस’ आणि ‘वेडा’ ही एकाच मुलाची दोन रूपं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. शांतपणे, एकट्याने, वेळ घेऊन विचार करायचा असेल तर सोळाच्या आसपास मुलांची समज मोठ्यांच्या बरोबरीला येते. भावना तापलेल्या असताना, सोबती बघत असताना स्वतःला आवरणं मात्र त्यानंतर अनेक वर्षांनी जमतं. कपाळामागचा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, आणि बक्षिसाची चटक लावणारी यंत्रणा वयात येतानाच जोरात चालू झालेली असते.

गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांचा २००५ चा प्रयोग इथे नेमका लागू पडतो. गाडी चालवण्याच्या संगणकीय खेळात किशोरांनी एकट्याने खेळताना घेतलेला धोका जवळपास मोठ्यांइतकाच होता. दोन मित्र बघायला बसवले की तो दुपटीच्या घरात गेला. मोठ्यांत फरक पडला नाही. धोका माहीत नसतो असं नाही, बघणारे मित्र हेच बक्षीस असतं.

म्हणून ‘विचार करून वागा’ हे व्याख्यान वाया जातं. प्रसंग बदला. अवघड उडी शिकवताना बघ्यांची रांग नको, दोघा-दोघांत शिकवा. नियम आदल्या दिवशी, थंड डोक्याने, त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. चूक चारचौघांत दाखवू नका. सगळे आपल्यालाच बघताहेत असं या वयात सतत वाटतं, डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली त्याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं. त्यात खरे प्रेक्षक मिळाले तर मूल सुधारत नाही, यायचं थांबतं.

गटांबद्दलही एक सांगायचंय. सतराचा दिसणारा तेरा वर्षांचा मुलगा डोक्याने तेराचाच असतो. त्याला कप्तान करून मोठ्यांची जबाबदारी टाकतात, मग तो चिडला की ‘एवढा घोडा झालास’ म्हणतात. लवकर वयात आलेल्या मुलींचं त्याहून कठीण. मोठ्या मुलांच्या घोळक्यात त्या ओढल्या जातात, शरीरावर शेरे ऐकतात, आणि त्यांच्यात उदासीचं प्रमाण जास्त आढळतं. उशिरा वाढणाऱ्या मुलग्यांच्या वाट्याला चिडवणं येतं. टक्क्यांवरून पाडलेल्या गटांना ‘मोठे’, ‘लहान’ अशी नावं दिलीत तर त्याच चिडवण्याला तुमची मोहोर लागेल. रंगांची नावं द्या आणि दर सहा महिन्यांनी गट पुन्हा पाडा.

टाच_गुडघा

मधला_बाक यांच्या यादीत झोप घाला. या वयात झोपेचं आतलं घड्याळ दीड-दोन तासांनी पुढे सरकतं, रात्री अकराच्या आधी डोळा लागत नाही, आणि गरज मात्र ८ ते १० तासांची असते. पहाटे साडेपाचला सराव ठेवलात तर साडेसहा तासांची झोपही होत नाही. दुखापती आणि चिडचिड दोन्ही तिथून वाढतात. संध्याकाळची वेळ मिळत असेल तर आधी ती बदला, गट नंतर पाडा.