पंचायतीतर्फे प्रौढांचा वर्ग: सुरुवात कुठून करायची?

प्रभाग पंच, सांगे
आमच्या प्रभागात वेळीप (इथला आदिवासी समाज) आणि धनगर वस्तीवर पंधरा-वीस जण अजून बँकेत अंगठाच उठवतात. त्यांत बायका जास्त. 30 मे 2025 ला गोवा पूर्ण साक्षर जाहीर झाला, त्यामुळे पंचायतीत विषय काढला की ‘आता वर्ग कशाला?’ म्हणतात. पंचायतीला असा वर्ग घेता येतो का? शिकवायचं कसं? परीक्षेचं काय?

ग्रामसभा-मित्र
येतो. राज्यघटनेच्या 11व्या अनुसूचीत पंचायतींचे 29 विषय आहेत, त्यांत प्रौढ आणि अनौपचारिक शिक्षण 19वा. जाहीर झालेलं प्रमाण 99.72 टक्के आहे आणि 95 टक्क्यांनाच पूर्ण साक्षर धरतात. उरलेले लोक अशाच वाड्यांवर असतात, हे बैठकीत ठामपणे मांडा.

ग्रामसभेच्या ठरावात वाडा, शिकणाऱ्यांची संख्या, जागा आणि खर्च स्पष्ट लिहा. मोघम ठराव फायलीतच राहतो. मग केंद्र सरकारच्या प्रौढ साक्षरतेच्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमात नोंदणी करा. वय 15 किंवा त्याहून जास्त हवं. उल्लासच्या ॲपवर शिकणारा आणि स्वयंसेवक दोघांचीही नोंद लागते, आणि मग कोणाला कोण शिकवणार ही त्यांची जोडणीही. ही जोडणी बऱ्याचदा राहून जाते.

वर्ग चालवणारी, काणकोण
चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही, आणि ‘मला जमत नाही’ म्हणून गळणाऱ्यांत असे पुष्कळ असतात. म्हणून वर्गाआधी आरोग्य केंद्रात डोळे तपासून घ्या. बहुतेकांना +1 ते +2.5 चा साधा वाचायचा चष्मा पुरतो. अंगणवाडीची खोली चालेल, पण मुलांच्या बुटक्या खुर्च्या नकोत. गुडघे दुखणाऱ्या बाईला दीड तास खाली बसवू नका.

एका स्वयंसेवकाकडे आठ-दहा जणच द्या. वेळ बायकांना विचारूनच ठरवा: कुठे दुपारी तीनची जमते, कुठे रांधप (स्वयंपाक) आटोपल्यावरची. मुळाक्षरांपासून सुरू करू नका. आधी स्वतःचं नाव, मग रेशनकार्ड, कदंब बसची पाटी, पैसे काढायची स्लिप. नावातली अक्षरं सुटी करून त्यांतून नवे शब्द जुळवायचे. बोलणं कोकणीतच ठेवा, लिपी देवनागरीच आहे. तोंडी हिशेब त्यांना पक्का येतो. काजूच्या बियांचं वजन आणि दर घेऊन तोच कागदावर मांडायला शिकवा.

मुक्त विद्यालय मार्गदर्शक
उल्लासची चाचणी 150 गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी 50. प्रत्येक भागात 33 टक्के, म्हणजे 17 गुण हवेत. एका भागात भरपूर मिळून दुसऱ्यातली तूट भरत नाही, म्हणून लेखनाचा सराव सोडू नका. बोटं वळत नसतील तर आधी जाड पेन्सिल आणि चौकटींची वही द्या.

हे प्रमाणपत्र म्हणजे चौथी-आठवी पास नव्हे, हे पहिल्याच दिवशी सांगा. पुढे शिकायचं असेल तर एनआयओएसचे (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे) मुक्त मूलभूत शिक्षणाचे स्तर आहेत: अ तिसरीच्या, ब पाचवीच्या, क आठवीच्या तोडीचा. नंतर दहावी. तिची नोंदणी पाच वर्षं चालते आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, त्यामुळे वर्षाला एक-दोन विषय सोडवले तरी भागतं.

प्रभाग पंच, सांगे
काजूच्या हंगामात कोणीच येणार नाही. तेव्हा काय करायचं?

वर्ग चालवणारी, काणकोण
फेब्रुवारी ते मे आठवड्याला एकच दिवस ठेवा, पण पूर्ण बंद करू नका. नवी अक्षरं द्यायची नाहीत, झालेलीच घोटायची. लावणीचे दिवस आणि चवथही (गणेशचतुर्थी) आधीच वेळापत्रकात धरा. वर्ग सुरू करायला नोव्हेंबर बरा, भातकापणी उरकलेली असते.