रिंजानीची सहल: परवान्याची तारीख आणि डोंगराची तारीख

प्रेषक: सहल समिती, जकार्ता

नमस्कार मंडळी,
लोंबोक बेटावरच्या रिंजानी ज्वालामुखीच्या सहलीसाठी चौदा नावं आली आहेत. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, तीन दिवस, दोन रात्री. सेंबालुनकडून चढायचं, माथा गाठायचा, मग विवरातल्या सेगारा आनाक तळ्यावर उतरून मुक्काम आणि सेनारूकडून परत. राष्ट्रीय उद्यानाचा परवाना ऑनलाइन मिळतो. तो हातात आला की विमानाची तिकिटं काढू. ताई, तुम्ही गावी आहात, पण हा डोंगर चढून आला आहात. आमच्या ध्यानात न आलेलं काही असेल तर कळवा.

---

प्रेषक: ताई, हर्णै

मंडळी,
हर्णैला या दिवसांत वीज येऊन-जाऊन असते, म्हणून उत्तराला उशीर झाला. तिकिटं काढण्याआधी हे पत्र वाचा.

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. १ ऑगस्टपासून सरकारी मुभा आहे. पण काल बंदरावर गेले, तर कितीतरी होड्या अजून झापांनी शाकारलेल्याच होत्या. बाबा जन्मभर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "कागद सुटला, दर्या नाय सुटला अजून." नारळी पौर्णिमेला नारळ देतील, आणि त्यानंतरही होडी लोटायच्या आधी बंदरावर धोक्याचा बावटा चढलाय का ते बघतील.

तुमच्या पत्रात कागद आहे, बावटा नाही. म्हणून हे लिहिते आहे.

इंडोनेशियात डोंगरावर जायची परवानगी देणारं खातं वेगळं आणि ज्वालामुखीवर नजर ठेवणारं खातं वेगळं. रिंजानीचा परवाना राष्ट्रीय उद्यान देतं. ज्वालामुखीच्या धोक्याची पातळी पीव्हीएमबीजी हे ज्वालामुखी खातं ठरवतं. पातळ्या चढत्या क्रमानं चार: नॉर्मल, वास्पादा (सावध), सियागा (सज्ज), आवास (धोका). या दोन खात्यांचं म्हणणं जुळेलच असं नाही. पश्चिम सुमात्रातल्या मारापीवर हेच झालं (जावातला मेरापी वेगळा, नावांत घोटाळा करू नका). तिथे पातळी दुसरी होती आणि विवरापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नये अशी सूचनाही होती. तरीही चढाईचे परवाने दिले जात होते. ३ डिसेंबर २०२३ ला स्फोट झाला तेव्हा डोंगरावर सुमारे ७५ जण होते. त्यातले २४ जण गेले. ती सगळी चोरवाटेनं गेलेली माणसं नव्हती. अनेकांनी रीतसर नोंद केलेली होती.

म्हणून परवाना काढा, पण त्या दिवसापासून रोज 'मागमा इंडोनेशिया' ॲपवर रिंजानीची पातळी बघा, आणि पातळीखालची सूचनासुद्धा वाचा. किती अंतराच्या आत जायचं नाही ते तिथेच लिहिलेलं असतं. पातळीचा आकडा काही सांगतो आणि सूचना दुसरंच, असं कधी कधी होतं. तेव्हा सूचना धरा.

आता तळ्याचं. ते तळं ज्यात आहे ते रिंजानीचं मोठं विवर १२५७ च्या सामालासच्या महास्फोटात तयार झालं. आज जागृत आहे तो बारुजारी. हा छोटा शंकू त्याच तळ्याच्या काठाशी उभा आहे. २०१५ मध्ये त्यानं राख उडवली तेव्हा बालीचा विमानतळसुद्धा बंद ठेवावा लागला होता. म्हणजे तुमच्या तीन दिवसांतली बारुजारीच्या सर्वांत जवळची जागा ३,७२६ मीटरचा माथा नाही, तळ्याकाठचा मुक्काम आहे. पातळी वाढली किंवा अंतराची सूचना बदलली, तर पहिल्यांदा तळं सोडा. सेंबालुनच्या कड्यावरूनच परत फिरायचं, असा दुसरा आराखडा आजच करून ठेवा. तिसरी पातळी लागली तर सहल रद्द. पैसे परत किती मिळतील हे एजंटाकडून आत्ताच लिहून घ्या, कारण रद्द करायची वेळ येते तेव्हा गुंतलेले पैसेच माणसाला पुढे ढकलतात.

पहिली पातळी म्हणजे निर्धास्त, असंही समजू नका. जपानच्या ओंताकेवर २७ सप्टेंबर २०१४ ला पातळी पहिलीच होती. शनिवार, दुपारचे बारा वाजत आलेले, माथ्यावर माणसं डबे उघडून बसलेली. डोंगराच्या पोटातलं पाणी तापून एकदम वाफ झालं आणि दगड उडाले. ६३ जण गेले, त्यांतले ५ जण अजून सापडलेले नाहीत. असल्या स्फोटाला लाव्हा वर यावा लागत नाही, म्हणून यंत्रांनाही आधी फारसं कळत नाही. यावर उपाय एकच, विवराजवळ थांबायचा वेळ कमी ठेवायचा. फोटो काढा आणि निघा. जेवण दूर. हेल्मेट प्रत्येकाच्या सॅकमध्ये, शोभेला नाही, डोक्यावर घालायला.

वायूबद्दल माझा अनुभव जावातल्या इजेन ज्वालामुखीचा आहे. गंधकाचा धूर दुसऱ्या बाजूला जात होता, तोवर सगळं छान होतं. वारा फिरला आणि दोन श्वासांत छाती आवळली, डोळे उघडेनात. गाईडनं दंड धरून मला वाऱ्याच्या उलट दिशेला ओढलं नसतं तर मी खालच्या खोलगट जागेत जाऊन बसणार होते, आणि तीच सगळ्यांत वाईट जागा असते. कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचे वायू हवेपेक्षा जड असतात, खोलगटात साचतात. राखेसाठी एन-९५ मास्क घ्या. पण वायू त्यानं अडत नाही, हे सगळ्यांना सांगा. दमेकऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये. कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवा, चष्मा लावा.

---

प्रेषक: काका, तांगेरांग

ताई, वाचून थोडा घाबरलो, खोटं कशाला बोलू. परवाना असून काही भरवसा नसेल तर तो काढायचा कशाला? आणि नातू विचारतोय, आपल्या कोकणात उन्हवऱ्याला जमिनीतून गरम पाणी येतं, म्हणजे तिथेही खाली ज्वालामुखी आहे का?

---

प्रेषक: ताई, हर्णै

काका, परवाना काढायचाच. २९ जुलै २०१८ ला लोंबोकला भूकंप झाला, रिंजानीच्या वाटांवर दरडी कोसळल्या आणि शेकडो माणसं वर अडकली. वर किती जण आहेत याचा हिशेब प्रवेशद्वारावरच्या नोंदींवरून लागला. ज्याची नोंद नाही, त्याला शोधायला कोण जाणार? परवान्यामुळे तुम्ही मोजले जाता. इतका त्याचा उपयोग आहे, आणि तो मोठा आहे. विनापरवाना स्वस्तात नेतो म्हणणारा एजंट मलाही एकदा भेटला होता. त्याच्याबरोबर गेले नाही.

नातवाला सांगा, आपल्या पायाखालचा काळा दगड लाव्हाचाच आहे, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. वरचा जांभा त्याच दगडाच्या झिजेतून झालेला. उन्हवऱ्याचं पाणी म्हणजे भेगांमधून खोल गेलेलं पावसाचं पाणी, तिथल्या उष्णतेनं तापून वर येतं. खाली जागा ज्वालामुखी नाही. भारतातला एकमेव जागा ज्वालामुखी अंदमानच्या बॅरन बेटावर आहे. सुट्टीत आलात की मी त्याला उन्हवऱ्याला घेऊन जाईन.

समितीला एक विनंती. परत फिरायचं कोणी ठरवायचं, हे निघण्याआधी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. माझं मत असं की वर गाईडचा शब्द शेवटचा, मतदान नाही. पहाटे दोनला माथ्याकडे निघताना थंडी असते, घसरड्या खडीवर दोन पावलं वर टाकली की एक खाली येतं, आणि दमलेला माणूस 'आता इतकं आलोच आहोत' असं म्हणतो. मीही म्हटलं होतं. चौघे माथ्याला गेले आणि दहा कड्यावर थांबले, तरी सहल पुरी झाली असं धरा. थांबणाऱ्यांसोबत एक गाईड राहील इतके गाईड घ्या.

मी गणपती झाले की परत येते. तोवर विम्याचे कागद काढून ठेवा. कितव्या मीटरपर्यंतचा ट्रेक चालतो आणि ज्वालामुखी वगळलाय का, ही दोन कलमं मला वाचायची आहेत.

---

प्रेषक: सहल समिती, जकार्ता

ताई, तिकिटं थांबवली. तळ्याविना दुसरा आराखडा रविवारी पाठवतो. रोज सकाळी सातला पातळी आणि सूचना यादीवर टाकायचं काम काकांनी मागून घेतलं आहे.