पोलो जीटी, स्टेज १, इन्शुरन्स होईना. अर्जंट मदत हवी आहे

टर्बो_लातूर
ऑनलाइन पॉलिसी काढताना 'गाडीत बदल केलेत का' ला 'हो' म्हटलं की तपासणीची लिंक येते, फोटो-व्हिडिओ टाकला की नामंजूर. दोन एजंट म्हणाले, वय २२ आहे म्हणून कंपन्या घेत नाहीत. फोक्सवॅगन पोलो जीटी, स्टेज १ (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचा मॅप बदललाय), डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्ट पाइप) बदललेला, १७ इंची व्हील. फर्स्ट पार्टीच पाहिजे, म्हणजे माझ्या गाडीचं नुकसानही भरून देणारी. कोणती कंपनी करून देते तेवढं सांगा, गाडी दारात उभी आहे.

परभणी_२२
टीएसआय (पेट्रोल) का टीडीआय (डिझेल)? कोणत्या सालची? आरसी कुणाच्या नावावर? मागची पॉलिसी कधी संपली? हे कळाल्याशिवाय काय सांगावं?

कागद_आधी
वयाचं आधी डोक्यातून काढा. थर्ड पार्टीचा (समोरच्याच्या नुकसानीच्या विम्याचा) दर फक्त सीसीवर आहे: १००० पर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० ला ३,४१६, त्याच्या पुढं ७,८९७, वर जीएसटी. चालवणारा २२ चा असो का ६२ चा. ओन डॅमेजला (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीला) आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), सीसी, गाडीचं वय आणि नोंदणीचं ठिकाण बघतात. तुमची गाडी वयामुळं नाही, डाउनपाइपमुळं अडकली असणार.

गोदाकाठ
इंग्लंडमध्ये २५ च्या आतल्या पोरांना प्रीमियम फार लागतो. तिथं गाडीत ब्लॅक बॉक्स बसवला की कमी होतो, जोराचे ब्रेक आणि वेग त्यात नोंदला जातो. इथंही तसं काही बसवून बघा.

परभणी_२२
गाडी लातूरला आहे हो. त्याचा इथं काय उपयोग?

गोदाकाठ
बरं, मग गाडी सरळ वडिलांच्या नावावर घ्या. भानगडच नाही.

कागद_आधी
त्यात एक मोठी गोम आहे. ओनर-ड्रायव्हरचा १५ लाखांचा अपघात विमा आरसीवरच्या मालकालाच असतो, तोही त्याच्याकडं लायसन असेल तर. मुलगा चालवत असताना त्याला काही झालं तर त्या १५ लाखांतला रुपयाही मिळत नाही. वडिलांच्या नावावर घ्यायचीच तर मुलाचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा काढा. गाडीच्या नुकसानीला मात्र अडचण येत नाही. लायसन वैध आणि मालकाची परवानगी असली की पुरे.

टर्बो_लातूर
१.२ टीएसआय, २०१६, एमएच १२. आरसी अजून पुण्याच्या मालकाच्या नावावर आहे. त्यांची पॉलिसी मागच्या महिन्यात संपली. नाव नंतर करणारच आहे, पण त्याचा इन्शुरन्सशी काय संबंध? मी कंपनी विचारली होती.

कागद_आधी
सगळा संबंध तोच आहे दादा. पॉलिसी आरसीवरच्या नावानं निघते. आरसी एकाची आणि पॉलिसी दुसऱ्याची असली तर ओन डॅमेजचा क्लेम नाकारतात. आणि आरटीओत हस्तांतरणाला चालू विमा लागतो. म्हणून क्रम असा ठेवा: आधी जुन्या मालकाच्या नावानं फक्त थर्ड पार्टी काढायला लावा. ११९७ सीसीला ३,४१६ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,०३१ रुपये. त्याला सहसा तपासणी लागत नाही. मग पीयूसी, मग हस्तांतरणाचे फॉर्म २९ आणि ३०. आरसी झाली की १४ दिवसांच्या आत कंपनीकडं अर्ज देऊन पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्या. त्यानंतर स्वतंत्र ओन डॅमेज पॉलिसी, ती दुसऱ्या कंपनीचीही चालते.
जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळणार नाही. तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. गाडी ५ वर्षांच्या पुढची, त्यामुळं आयडीव्ही कंपनीशी बोलून ठरते, ती अगदी खाली पाडू देऊ नका. एमएच १२ असल्यानं दर झोन ए चा (मोठ्या शहरांचा) लागेल. लातूर, नांदेड, संभाजीनगर झोन बी मध्ये येतात, पण नोंदणी पुण्याची धरतात.

बायपास_बीड
एवढं कामून करायचं? मॅप स्टॉक करा, कॅटवाला (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेला) पाइप लावा, तपासणी करून घ्या, पॉलिसी आली की परत स्टेज १ टाका. सगळे हेच करतात.

सर्व्हे_रिपोर्ट
हे करू नका. फोक्सवॅगनच्या ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) फ्लॅशची, म्हणजे मॅप किती वेळा बदलला याची, गणती राहते आणि ट्यून केलेल्या गाडीवर सर्व्हिस सेंटरच्या सिस्टिममध्ये टीडी१ ची खूण पडते. मॅप परत स्टॉक केला तरी गणती मागं जात नाही. मोठ्या क्लेमला सर्व्हेअर स्कॅन मागू शकतो, आणि प्रस्तावात 'बदल नाहीत' लिहिलेलं असलं की माहिती लपवली म्हणून पूर्ण क्लेम जातो. समोरचा माणूस जखमी झाला तर त्याची भरपाई तुमच्याकडून वसूल करायचा मुद्दाही तिथूनच निघतो.

बायपास_बीड
मग सगळं सांगायचं आणि बिनाविम्याचं फिरायचं?

सर्व्हे_रिपोर्ट
नाही. काढायचं ते काढायचं, ठेवायचं ते लेखी सांगायचं. कॅट नसलेला डाउनपाइप तर जाऊच द्या. बीएस ४ पेट्रोलला आयडलवर सीओची (कार्बन मोनॉक्साइडची) मर्यादा ०.३ टक्के आहे, कॅटशिवाय ती गाठणं अवघड. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मंजुरीशिवाय बदल चालत नाही आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद आहे. मॅप स्टॉक करून तसाच ठेवा, त्याची पावती जपा.
व्हीलचं बिल जोडून 'नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज'मध्ये किंमत लिहायला सांगा, नाहीतर अपघातात जुन्याच व्हीलचा हिशोब होतो. स्टिरिओ बाहेरून बसवला असेल तर तो इलेक्ट्रिकल खाली येतो, साधारण किमतीच्या ४ टक्के. टायर कोणते आहेत?

टर्बो_लातूर
२०५/४५ आर १७.

सर्व्हे_रिपोर्ट
कंपनीचा १८५/६० आर १५ म्हणजे ६०३ मिलिमीटर व्यास, तुमचा ६१६. म्हणजे २ टक्क्यांनी मोठा, काटा तेवढा कमी दाखवणार. फार नाही, पण २१५/४० आर १७ ६०४ ला बसतो. फेंडरला आतून घासतो का तेवढं वळवून बघा. आणि खड्ड्यात नुसता टायर फुगला तर विमा मिळत नाही. गाडीचंही नुकसान त्याच वेळी झालं तरच टायरचे निम्मे पैसे.

नांदेड_गिअर
टायरचं सोडा, डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) बघा. कंपनीचा टॉर्क १७५ न्यूटन मीटर, त्यातल्या डीक्यू२०० गिअरबॉक्सची क्षमता २५०. कोरडे क्लच आहेत, आपल्याकडच्या मे महिन्यात गर्दीत सरकत-सरकत चालवली की तापतात. गिअरबॉक्स गेला तर तो यांत्रिक बिघाड, साध्या पॉलिसीत बसतच नाही. आणि हो, २०१६ ची गाडी आहे, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरपाटी) लावली का? त्याशिवाय हस्तांतरणाचं काम अडतं.

टर्बो_लातूर
पाटी नाही लावली. पुण्याच्या मालकाला फोन केला, थर्ड पार्टी काढून देतो म्हणाले. डाउनपाइप या आठवड्यात काढतो. रॅपचं (गाडीवर चिकटवलेल्या रंगीत फिल्मचं) काही करावं लागतं का? गाडी आरसीवर पांढरी आहे, मी करडी केली.

परभणी_२२
हे आता सांगताय! आरसीवर रंग असतो. रॅप ठेवायचा तर परिवहनच्या पोर्टलवर बदलाचा अर्ज करून रंग आरसीवर चढवून घ्या, नाहीतर काढा. गाडीवर कर्ज होतं का?

टर्बो_लातूर
होतं म्हणतात. फिटलंय.

कागद_आधी
फिटलं तरी आरसीवर बँकेचं नाव असेल तर आधी कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. ती हातात आल्यावरच २९-३० भरा.