घरची एमजी घरीच उभी करायची की गॅरेजला द्यायची?

रंकाळा_टीडी

आजोबांनी कोल्हापुरात सेकंडहँड घेतलेली १९५१ची एमजी टीडी ही जुनी इंग्लिश गाडी आमच्या परड्यातल्या शेडमध्ये आहे. गेल्या दिवाळीपासून मी ती सुटी करायला घेतलीय. परवा काका म्हणाले, "घरात गाडी उघडणं म्हणजे ती मारणं. जाणकाराकडे दे." मला हे अजिबात पटत नाही.

एकदा दिली होती की! दोन वर्षं एका गॅरेजात होती. परत आली तेव्हा रंग आरशासारखा, आणि महिन्याभरात डावं दार बिजागरीसकट लोंबायला लागलं. टीडीची बॉडी म्हणजे ॲश लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेला पत्रा. दाराचा खांब आतून भुसा झाला होता. त्यांनी वर लांबी (पुट्टी) भरून रंग मारला होता, बस्स.

इंजिनाची कथा वेगळीच. त्याच्या बोल्टांची डोकी विटवर्थ (जुन्या इंग्लिश मापाच्या) पान्याची, पण आटे मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचे! इंग्लंडच्या मॉरिसने (एमजी त्यांच्याच घरची) १९२३ साली हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला कारखाना घेतला, तिथली यंत्रं मेट्रिक होती, आणि ती सवय टीडीच्या १२५० सीसी इंजिनापर्यंत उतरली. गॅरेजच्या पोराला हे कुणी सांगितलं नव्हतं. पाना बसतोय म्हणजे बोल्ट इंग्लिशच, असं समजून त्याने दुसरे बोल्ट दामटून बसवले. तीन ठिकाणचे आटे गेले.

मी मेकॅनिक नाही. पण प्रत्येक बोल्ट कुठला ते लिहून पिशवीत घालतो, फोटो काढतो, आणि मला घाई नाही. दिवसाला चार गाड्या बघणाऱ्याकडे हे असेल का? गाडी घरीच व्हावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुना_फिटर

दादा, तुमचा राग समजतो. पण एक गॅरेज वाईट निघालं म्हणून घरचं काम चांगलं होतं, हे कुठून आलं? मी ३५ वर्षं ब्रेकचं काम केलंय. टीडीला चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम ब्रेक आहेत, आणि पेडलचा दाब तेलातून चाकांकडे पाठवणारा मास्टर सिलिंडर एकच, सर्किट एकच. म्हणजे एका चाकाचा सिलिंडर गळला की पेडल सरळ तळाला, चारही ब्रेक गेले. गाडीला सीटबेल्ट नाही. सुकाणूचा दांडा छातीसमोर. इथे "शिकत शिकत करू" चालत नाही.

दुसरं, जुन्या ब्रेक शूच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ड्रम उघडून हवा मारलीत तर ती धूळ तुमच्याच नाही, घरातल्या लेकरांच्याही फुप्फुसात जाते. ओल्या फडक्यानेच पुसा. आणि पेट्रोलची टाकी गळते म्हणून घरी वेल्डिंग करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आत पेट्रोलची वाफ असते, ती भडकते.

तिसरं सांगतो ते जिव्हारी लागेल. घरी उघडलेल्या किती गाड्या पुन्हा जुळलेल्या मी पाहिल्या? बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीच्या पोत्यात भरून विकल्या गेल्या.

तासणी_रंधा

मी सुतार. ॲशच का, तर ते लवचीक असतं, धक्का सोसतं आणि स्क्रू धरून ठेवतं. ते लाकूड आपल्या मातीतलं नाही, म्हणून सगळे सागवान घालतात. साग टिकतो, पण तेलकट असल्याने सरस नीट धरत नाही. जोड कुसवाचा (एका लाकडाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसणारा) करा आणि सरस लावायच्या आधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसा. मला विचाराल तर तुती बघा. आपल्याकडे हॉकी स्टिक तुतीच्या करतात, त्या ठोके उगाच सोसत नाहीत.

आणि जुना खांब कितीही कुजला असला तरी फेकू नका, माप त्याच्यातच आहे.

मूळपणाचा_आग्रही

तुतीचा सांगाडा घातलेली टीडी ही टीडी उरते का? इंग्लंडात या गाडीचे बहुतेक भाग आजही नव्याने बनवून मिळतात, ॲशचा तयार सांगाडासुद्धा. मागवा. २०२१च्या नियमांत ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' येतं, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. पण अट काय, तर गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. उद्या तुमच्या हौसेपायी हे हातचं जायचं.

तासणी_रंधा

कुजलेला तुकडा त्याच मापाने बदलणं हा बदल नाही, डागडुजी आहे. वाड्याची तुळई बदलली म्हणून वाडा दुसरा होत नाही. लंडनहून लाकूड मागवायला सगळ्यांकडे पैसा नसतो, भाऊ.

उद्यमनगर_लेथ

भावा, कोल्हापुरात राहून आट्यांचं रडतोस काय! कारखान्यांचं अख्खं उद्यमनगर याच कामावर उभं राहिलंय. खराब आटे मोठे करून आत स्लीव्ह घालायची आणि मूळ मापाचे आटे पाडायचे. इंजिनाचं हेड आणि ब्लॉक घेऊन ये. त्याआधी आट्यांचं अंतर मोजायचं पिच गेज लाव, अंदाजाने काही कापू नको.

अजून एक, पेट्रोलच्या सगळ्या जुन्या रबरी नळ्या बदल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, जुनं रबर त्यात फुगतं, मग चिरतं. खाली एक्झॉस्ट तापलेला असतो, लक्षात ठेव.

रंकाळा_टीडी

फिटरकाका, ॲस्बेस्टॉसचं मला खरंच माहीत नव्हतं. मागच्या आठवड्यात पुढचा एक ड्रम उघडलाय आणि फुंकर मारूनच साफ केला. मुलगी शेजारी उभी होती. ते वाचून रात्री झोप लागली नाही. शेड ओल्या फडक्याने पुसून घेतलीय आणि ब्रेकचं काम थांबवलंय. ब्रेक मी करणार नाही, हे मान्य.

पण गाडी गॅरेजला जाणार नाही, यावरून मी हललेलो नाही. पोत्यात भरून विकलेल्या गाड्या घरी उघडल्या म्हणून नाही गेल्या, सगळं एकदम उघडलं म्हणून गेल्या असणार. मी डावं दार पूर्ण झाल्याशिवाय उजव्याला हात लावणार नाही.

जुना_फिटर

माझं मत तेच आहे. तरी ब्रेक तुम्ही सोडलेत, तेवढं बरं केलंत. चारही चाकांचे सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि ब्रेकच्या नळ्या काढून ठेवा, जुनं ब्रेक ऑइल रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून निघतो. मी सांगलीत असतो. पुढच्या रविवारी येतो. मी जोडेन, तुम्ही पेडल मारा.