मदत हवी आहे : हायब्रिड गाडीचा हीटर सिग्नलला गार पडतो

नमस्कार मंडळी. कॅलगरीत आमचा हा दुसरा हिवाळा. सेकंडहँड हायब्रिड (प्लग-इन नाही) ऑक्टोबरमध्ये घेतली. काल सकाळी उणे 24 होतं. हीटर 22 वर ठेवला की गाडी उभी असतानाही इंजिन सुरू होतं. ते ठीक, केबिनची ऊब इंजिनच्या गरम कूलंटमधूनच (इंजिनात फिरणारा, त्याची उष्णता वाहून नेणारा द्रव) येते, म्हणून ते थंड झालं की इंजिन जागं होणारच. पेट्रोल 100 किमीला 5 लिटरवरून 7.5 वर गेलंय, तेही सोसू.

अडचण वेगळीच आहे. सिग्नलला इंजिन बंद झालं की मिनिटभरात झरोक्यातून गार वारा येतो, मागे बसलेली लेक लगेच "बाबा, पाय!" म्हणून ओरडते. चालू लागलो की पुन्हा गरम. इंजिन बंद असताना कूलंट फिरवणारा इलेक्ट्रिक पंप गेला असेल, की कूलंट कमी होऊन आत हवा अडकलीये? टाकीत पातळी खालच्या रेघेच्या जरा वर दिसते. गॅरेजवाला न तपासताच "हायब्रिड अशीच असते" म्हणतो, मला पटत नाही.

कुणाला असा अनुभव? रात्री ब्लॉक हीटर (उभ्या गाडीचं इंजिन विजेवर गरम ठेवणारा हीटर) लावल्याने सकाळी फरक पडतो का?