मदत हवी आहे: थायलंडहून दत्तक लेक घरी आणताना

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. थायलंडमधून दीड वर्षाची मुलगी दत्तक घेतोय. ‘कारा’ची (केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाची) मंजुरी आलीय. आता बँकॉकला जाऊन, तिथल्या दत्तक मंडळासमोर हजर राहून तिला आणायचं. ती थाई पासपोर्टवर येणार, म्हणजे भारतीय वकिलातीतून व्हिसा हवा. मुक्काम किती धरावा? लग्नाचा दाखला कन्नडमध्ये आहे. त्याचं इंग्रजी भाषांतर बेळगावात कुणाकडून करून घ्यावं?

पण खरी काळजी पुढची. तिच्या कानाला फक्त थाई ओळखीची. सांभाळणाऱ्या मावशींना काय काय विचारून घ्यावं? झोपवतात कसं, भात कसा भरवतात? बंगळूरहून रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस तिला झेपेल, की सांबऱ्यापर्यंत (बेळगावच्या विमानतळापर्यंत) विमानच बरं? सासूबाईंनी कुंची शिवून ठेवलीय, घर नुसतं वाट बघतंय. ज्यांनी असं लेकरू आणलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.