स्टोरेज, कॅश, बफर: सगळ्यांना ‘साठा’च म्हणायचं का?

प्रश्न:
व्हिडिओ स्ट्रीमिंगचा सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी मराठीत सूचना लिहितो आहे. स्टोरेज, कॅश, बफर, तिन्हींना मी ‘साठा’ लिहिलं होतं. ‘साठा रिकामा करा’ ही ओळ वाचून नव्या सहकाऱ्याने मूळ चित्रफितींचं फोल्डरच निवडलं. डिलीट करण्याआधी त्याने विचारलं म्हणून निभावलं. काढायची होती ती कॅश. वेगळे शब्द सुचवाल का?

प्रतिसाद:
आधी ‘साठा’ आणि ‘साठवण’ यांतला फरक बघा. साठा म्हणजे साठलेली वस्तू, साठवण म्हणजे ठेवण्याची क्रिया किंवा सोय. ‘डिस्कवर साठा कमी आहे’ म्हणजे डिस्क रिकामी. ‘साठवण कमी पडते’ म्हणजे डिस्क भरली. अर्थ थेट उलटे! ५ मेगाबिट प्रतिसेकंदाने चालणारी चित्रफीत तासाला सव्वादोन गिगाबाइट खाते, तेव्हा ही गल्लत महागात जाते. स्टोरेजला साठवण म्हणा, आणि संपते तिला सरळ ‘जागा’.

‘कॅश’चं मूळ फ्रेंच, अर्थ लपवणे. म्हणून ‘पेव’, म्हणजे धान्य ठेवायचा जमिनीखालचा खड्डा, सुचवावंसं वाटेल. शब्द मला फार आवडतो, पण इथे चुकतो. कॅशमध्ये असते ती प्रत, सारखी मागणी असलेली म्हणून हाताशी ठेवलेली. मूळ दुसरीकडे शाबूत असतं. जागा भरली की बहुधा फार दिवसांत कोणी न मागितलेली प्रत आधी जाते. पेवातलं धान्य मात्र मूळच असतं. क्वचित उघडायचं, काढायला वेळ लागणारं ‘पेव’ आर्काइव्हला, म्हणजे जुन्या फायलींच्या संग्रहाला, शोभेल. कॅशला ‘हातसाठा’ म्हणू या का, हातउसने, हातखर्चच्या चालीवर?

प्रश्नकर्ता:
‘हातसाठा’ गोड आहे. पण त्यातही ‘साठा’ आहेच. रात्री घाईत वाचणारा पुन्हा फसेल. आणि बफर?

प्रतिसाद:
पटलं. मग ‘कॅशमधल्या प्रती काढा’ असं लिहा. ‘प्रती’ म्हटलं की मूळ वेगळं आहे हे आपोआप कळतं.

‘बफर’ हा शब्द तसाच ठेवा. आलेली चित्रफीत दाखवण्याआधी थोडा वेळ थांबते ती ही जागा; समजावताना टाकी दाखवा: वरून पाणी कमीजास्त येतं, खालची धार एकसारखी राहते. अडचण ‘बफरिंग’ची आहे. तंत्रज्ञाच्या तोंडी ते टाकी भरणं, प्रेक्षकाच्या तोंडी चित्र अडकणं. तक्रारींच्या नोंदीत तरी ‘बफर रिकामा पडला’ असंच लिहा.